खेळ मंदावला तर आधी ऐकावे

घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मुलांचा खेळ मंदावला, की घरात दोन पक्ष पडतात. मुलांचा पक्ष म्हणतो, नवा कॉम्प्युटर घ्या. वडीलधाऱ्यांचा पक्ष म्हणतो, खेळच बंद करा. दोन्ही पक्षांना आपापल्या मताविषयी तिळमात्र शंका नसते आणि यंत्राला नेमके काय झाले आहे हे पाहण्याची फुरसत कोणालाच नसते. आपल्याकडच्या जुन्या घरांतून आता जुने कॉम्प्युटरही पुष्कळ झाले आहेत, तेव्हा हा विषय या पानावर अगदीच परका वाटू नये. शिवाय त्यात गाण्याबजावण्याचा भाग वाचकांना वाटेल त्याहून बराच अधिक आहे.

मी बोलतो आहे ते आजच्या नव्या खेळांविषयी नव्हे, एम्युलेटरवर चालणाऱ्या जुन्या खेळांविषयी. ज्यांच्या घरी नातवंडे नाहीत त्यांच्यासाठी एम्युलेटर म्हणजे काय ते सांगतो. पूर्वी दारी बहुरूपी येत असे. पोलिसाचा वेष घेऊन तो असा दरडावी, की नवी सून घाबरून माजघरात पळे. एम्युलेटर हा कॉम्प्युटरातला बहुरूपी आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वी टीव्हीला जोडून खेळावयाची जी यंत्रे होती, त्यांचे सोंग तो हुबेहूब वठवतो. त्या यंत्रासाठी लिहिलेल्या खेळाला वाटते, आपण आपल्याच घरी आहोत, आणि तो मुकाट्याने चालू लागतो.

सोंग घेणे स्वस्त नसते. जुन्या यंत्राची भाषा वेगळी, आपल्या प्रोसेसरची वेगळी. मध्ये दुभाषा बसवावा लागतो. खेळाचा एकेक हुकूम वाचायचा, त्याचा अर्थ लावायचा, तो इकडच्या भाषेत सांगायचा. तिकडच्या एका हुकमाला इकडे दहा-वीस हुकूम खर्ची पडतात. शहाणे एम्युलेटर येथे एक युक्ती करतात. जो मजकूर पुन्हा पुन्हा येणार, त्याचे भाषांतर एकदाच करून जवळ ठेवतात आणि पुढच्या खेपेस तयार कागद वाचून दाखवतात. सेटिंगांत याचे नाव जेआयटी किंवा रीकम्पायलर असे असते. मोठ्या यंत्रांच्या खेळांत ते चुकून बंद राहिले, तर चांगला कॉम्प्युटरही गोगलगाय होतो. इतका साधा खुलासा दुकानात सहसा कोणी देत नाही.

आणखी एक समजूत येथेच दूर केलेली बरी. जाहिरातींत चार कोर, आठ कोर अशी भाषा असते. लोकांना वाटते, आठ गडी लावले म्हणजे काम आठपट. परंतु एम्युलेटरचे मुख्य काम एका पाठोपाठ एक असे असते. एकच तान चार गवयांत वाटून देता येत नाही. पहिल्याने ती कोठे सोडली हे कळल्याखेरीज दुसऱ्याला उचलता येत नाही. म्हणून एम्युलेटरला गडी किती यापेक्षा एकेक गडी किती चपळ, हे महत्त्वाचे.

आता लयीकडे येतो. निन्तेन्दो कंपनीचे फॅमिकॉम हे यंत्र जपानात १९८३ साली निघाले. त्याचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके टाकी, आणि यंत्र सेकंदाला सुमारे ६० चित्रे पडद्यावर काढी. म्हणजे एका चित्राला साडेसोळा मिलिसेकंदांहून किंचित जास्त वेळ. बहुरूप्यालाही तेवढ्याच वेळात एक चित्र आणि त्या चित्रापुरता आवाज तयार करावा लागतो. आवाजाचे गणित पाहा. कॉम्प्युटर सेकंदाला बहुधा ४८,००० नमुने वाजवतो, म्हणजे दर चित्रामागे ८००. आता समजा यंत्राला दम लागला आणि सेकंदात ६० ऐवजी ५० च चित्रे झाली. तर ४०,००० नमुने तयार, ८,००० चा खड्डा. त्या खड्ड्यांतून जो चरचराट आणि फटफटाट निघतो, तो मुलांना खेळातला दोष वाटतो. खरे म्हणजे ते यंत्राचे धापा टाकणे आहे. डोळ्यांना ५० आणि ६० यांतला फरक चटकन कळत नाही. कान मात्र क्षणात पकडतो. माझा मुद्दा तो हाच: एम्युलेटर मंदावला तर खिशात हात घालण्यापूर्वी तो नीट ऐकावा.

आमच्या वर्गात विद्यार्थ्यांचे गाणे कॉम्प्युटरवर मुद्रित करताना ही चरचर मला ओळखीची झाली होतीच. परंतु ती रोगनिदानाला किती उपयोगी पडते, हे कळले ते बोरगावास.

माझे साडू तिकडे असतात. हे बोरगाव सौंसर तालुक्यातले. पूर्वी ते छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मिळून पांढुर्णा जिल्हा झाला, त्यात गेले. राज्य मध्य प्रदेशाचे, कचेरी हिंदीत आणि घर मराठीत, हा प्रकार आपल्या इंदुरासारखाच. फक्त तिकडची मराठी नागपुरी वळणाची आणि कानाला मोठी गोड. औद्योगिक वसाहत आहे, रेमंडची कापडगिरणी आहे, आसपास संत्र्यांच्या बागा आणि कापसाची शेते. मी गेलो तो नेमका वैशाखात, म्हणजे जावयाने तिकडे जाऊ नये अशा दिवसांत.

घरात प्रश्न कॉम्प्युटरचा होता. मुलगी पावसाळ्यात नागपूरला कॉलेजात जाणार होती. तिच्या वसतिगृहासाठी ३५,००० रुपये बाजूला काढलेले. धाकट्याचे म्हणणे, त्यातूनच नवा कॉम्प्युटर घ्यावा, ताईला काय, ती मावशीकडे राहील. एका दुकानदाराने डबा उघडूनही न पाहता "हे मशीन आता संपले" असा निकाल दिला होता, त्यामुळे मुलाच्या पक्षाला जोर चढलेला. मुलगी काही बोलत नव्हती. ती नुसती ऐकत होती, आणि ते न बोलणे घरात सर्वांना ऐकू येत होते.

"मावसाजी, पाहा नं, कसा अटकून राह्यला," धाकटा मला म्हणाला. त्यावर साडू म्हणाले, "माझा तर बराबर चालून राह्यला." "बाबा, तुमचा त् त्याहून स्लो आहे," मुलगा म्हणाला.

भांडणाची मौज अशी, की दोघे वेगवेगळ्या खेळांविषयी बोलत होते. मुलगा खेळत होता प्लेस्टेशन पोर्टेबल या यंत्रावरची मोटारींची शर्यत. साडू खेळत होते ते आपल्या लहानपणचे मारिओचे सोंगटे, जे १९८५ साली निघाले आणि पुढे नकली यंत्रांतून आपल्या घराघरांत शिरले. वाचकांपैकी चाळिशीतल्या मंडळींना ती यंत्रे आठवत असतील. पिवळी कार्ट्रिज, तिच्यावर "९९९९ खेळ" असे छापलेले, आणि आत तेच पाच-सात खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा.

मी पडद्याकडे पाठ करून बसलो आणि दोन्ही खेळ नुसते ऐकले.

साडूंचा खेळ मंद होता यात शंका नाही. पण आवाज कसा? स्वच्छ. एक चरा नाही, एक खंड नाही. लय शांत, एकसारखी, घड्याळासारखी. यंत्राला दम लागला असता, तर ती कोठे तरी अडखळली असती. शिवाय साधा हिशेब करावा. मूळ यंत्राचे ठोके सेकंदाला १७ लाख ९० हजार, आणि साडूंच्या दहा-बारा वर्षांच्या कॉम्प्युटरचे अब्जांत. हजारपटीहून जास्त. इतक्या जुन्या यंत्राचे सोंग घेताना तो थकेल हे संभवत नाही. मग मंदपणा आला कोठून?

मी मोबाइलवर मूळ धून लावली आणि पेटी काढावयास सांगितली. (सासुरवाडीची जुनी पेटी त्यांच्याकडे आहे. भात्याला दोन ठिगळे, पण सूर शाबूत.) मूळ धुनेत जो सूर पांढरी एकवर मिळाला, तो साडूंच्या खेळात पांढरी सातच्याही थोडा खाली उतरला होता. म्हणजे सव्वा अर्धस्वराएवढी घसरण. लय मोजली, तर सहा मात्रांच्या जागी पाच. एवढे कळल्यावर सेटिंगांत काय सापडेल हे उघडच होते. प्रदेशाच्या रकान्यात साडूंनी "पाल" निवडून ठेवले होते. पाल म्हणजे येथे भिंतीवरची नव्हे. दूरदर्शनच्या रंगीत चित्राच्या एका पद्धतीचे ते नाव आहे, आणि आपल्या देशाने तीच पद्धत स्वीकारली होती. हे साडूंना माहीत होते, म्हणून त्यांनी सरळ देशाभिमानाने ती निवडली.

आता या पद्धतींतला भेद. अमेरिका-जपानची एनटीएससी पद्धत सेकंदाला ६० चित्रांची. युरोपची व आपली ५० ची. त्या खेळांचे संगीत चित्रांच्या मोजणीवर चाले. प्रत्येक चित्रागणिक ते एक पाऊल पुढे टाकी. म्हणून चित्रे ५० झाली की लय एक-षष्ठांशाने उतरे. सूर मात्र चित्रांवर नव्हे, प्रोसेसरच्या ठोक्यांवर ठरे, कारण त्या ठोक्यांना भागूनच आवाजाची कंपने काढीत. युरोपसाठी केलेल्या अस्सल निन्तेन्दो यंत्राचा ठोका सुमारे १६ लाख ६० हजारांवर आणलेला, त्यामुळे तेथे लयही उतरे आणि सूरही. पण ५० चित्रांच्या टीव्हीसाठी आशियात जी नकली यंत्रे बनली, त्यांपैकी पुष्कळांचा ठोका सुमारे १७ लाख ७३ हजार ठेवलेला असे. म्हणजे सूर जवळजवळ मूळचा, अर्धस्वराच्या सहाव्या हिश्शाएवढाच खाली, आणि लय मात्र ठाय.

नक्कल करणाऱ्यांनी सूर राखला आणि लय सोडली, हे मला फार गमतीचे वाटते. त्यांनी ते संगीतासाठी केले नाही हे खरे. अमेरिकी-जपानी खेळ आपल्याकडच्या टीव्हीवर न अडखळता चालावेत म्हणून ती सोय होती. परंतु परिणाम असा, की आपल्याकडच्या अनेक मुलांनी कोजी कोन्दो या जपानी संगीतकाराची ती प्रसिद्ध धून वर्षानुवर्षे विलंबित ऐकली आणि तीच खरी मानली. त्या खेळात वेळ शंभराच्या खाली आला की धून एकदम द्रुत होते. आपल्याकडे त्या द्रुतातही थोडी सुस्ती असणार.

रशियात अशा नकली यंत्राचे नाव डेंडी होते, आणि काही एम्युलेटरांत त्याच नावाचा तिसरा पर्याय दिलेला असतो. तो निवडला. सूर वर चढून आपल्या जागी आला, लय तशीच राहिली. साडूंनी हातातले पान सुद्धा खाली ठेवले आणि म्हणाले, "हाच. आमच्या टीव्हीवर असाच वाजे." मुलाने मग एनटीएससी लावून दाखवले, तेव्हा त्यांना तो खेळ पिसाळल्यासारखा वाटला. हे सेटिंग खेळागणिक वेगळे ठेवता येते, हे अशा घरांतून लक्षात ठेवण्याजोगे आहे.

एक गोष्ट कायद्याची, कारण विचारणारे विचारतातच. सोंग घेणारा प्रोग्राम लिहिणे वा वापरणे हा गुन्हा नव्हे. अमेरिकेत सोनी आणि कनेक्टिक्स यांच्या खटल्यात २००० साली वरिष्ठ न्यायालयाने एम्युलेटर बनवणाऱ्याच्या बाजूने कौल दिला होता. पण खेळ हा कोणाचा तरी लेखनाधिकार असतो. आपण विकत घेतलेल्या खेळाची प्रत निराळी, आणि कोठून तरी उचललेली निराळी. यापुढे मी त्यात शिरत नाही.

मुलाच्या खेळाचा आजार निराळा होता. पहिली दहा मिनिटे तो उत्तम चालला. मग आवाजात बारीक चरे पडू लागले, हळूहळू ते वाढले, आणि पाव तासाने मोटारीचा आवाज गिरणीच्या फाटक्या पट्ट्यासारखा येऊ लागला. कोपऱ्यात वेगाचा आकडा दिसेल असे सेटिंग असते. तो शंभर टक्क्यांवरून साठांवर उतरला होता. हा आकडा पाहणे फार महत्त्वाचे. आकडा शंभर असून आवाज चरचरत असेल, तर यंत्र बिनदोष आहे. आवाजाची साठवण, जिला बफर म्हणतात, तेवढी थोडी वाढवावी. त्याने आवाज किंचित उशिरा येतो, पण सलग येतो. आकडाच उतरत असेल, तर मात्र यंत्राकडे वळावे. आणि सुरुवातीला चांगला असून मागून उतरत असेल, तर दहांत नऊ वेळा कारण एकच. उष्णता.

प्रोसेसर ठराविक मर्यादेपलीकडे तापला, की जळू नये म्हणून स्वतःच आपले ठोके कमी करतो. गवई थकला की लय उतरवतो तसेच. बोरगावच्या त्या घरात डबा, ज्याला घरोघर सीपीयू म्हणतात, तो टेबलाच्या बंद कप्प्यात मागे भिंतीला टेकवून ठेवलेला. वर धूळ बसू नये म्हणून विणलेला रुमाल घातलेला, आणि त्या रुमालाने नेमकी हवेची जाळी झाकलेली. वर पत्र्याचे छप्पर, बाहेर वैशाख. आम्ही वीज बंद करून, तारा काढून तो अंगणात आणला आणि उघडला. आत पंख्याच्या पात्यांमागे कापसाच्या तंतूंची आणि धुळीची अशी एक गादी जमली होती, की तिच्यावर मांजराने झोपावे. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवून (ते वाऱ्याने गरगरले तर बिघडते) मऊ ब्रशाने आणि हातातल्या ब्लोअरने ती काढली. प्रोसेसर आणि त्यावरचे ॲल्युमिनियम यांमधली पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती पुसून नवी लावली. तिची छोटी नळी महाग नसते.

मग सेटिंगे. विंडोजमध्ये वीज वाचवण्याची योजना चालू होती, ती बदलून पूर्ण वेगाची केली. पाठीमागे उघडी असलेली ब्राउझरची पाने आणि आपोआप सुरू होणारे पाच-सहा प्रोग्राम बंद केले. पण सर्वांत मोठा गुन्हेगार निघाला तो चित्राचा बारीकपणा. त्या मूळ यंत्राचा पडदा ४८० बाय २७२ ठिपक्यांचा, म्हणजे एकूण १,३०,५६० ठिपके. मुलाने चित्र सुबक दिसावे म्हणून चौपट हा पर्याय निवडला होता. चौपट लांबीत आणि चौपट रुंदीत, म्हणजे ठिपके सोळापट: २०,८८,९६०. वेगळे ग्राफिक कार्ड नसलेल्या कॉम्प्युटरला हे ओझे आहे. दुपटीवर आणले, तरी मूळच्या चौपट ठिपके राहतात आणि चित्र पुरेसे छान दिसते. संध्याकाळी तासभर शर्यत चालली. आकडा शंभरावरून हलला नाही, आवाजात चरा पडला नाही. मुलाने दोनदा पंख्यावर हात धरून पाहिला. मुलगी तोपर्यंत आतल्या खोलीत ट्रंक काढून बसली होती.

आणखी दोन-तीन कारणे आहेत, ती या घरात नव्हती पण इतरत्र भेटतील. विंडोज नव्याने टाकल्यावर ग्राफिकचा योग्य ड्रायव्हर बसवायचा राहिला, तर चित्राचे सगळे काम बिचाऱ्या प्रोसेसरवर पडते आणि अगदी साधा खेळही रडतो. विंडोज १० ची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपल्यापासून घरोघर नवी प्रणाली टाकणे चालू आहे, तेव्हा हे आधी तपासावे. खेळ एरवी नीट चालून नवे दृश्य आले की फक्त एकदाच ठेच लागत असेल आणि दुसऱ्या खेपेस तीच जागा सुरळीत जात असेल, तर काळजी नको. यंत्र त्या दृश्याची तयारी पहिल्यांदा करीत असते. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्याने खेळ लवकर उघडतो, पण चालण्याचा वेग त्याने सहसा वाढत नाही. दुकानदार तसे भासवतात खरे. त्यापेक्षा रॅमची एकच स्टिक असेल, तर तशीच दुसरी जोडीला लावणे अशा विनाकार्डाच्या कॉम्प्युटरला अधिक मानवते, कारण ग्राफिकचे कामही त्याच रॅममधून चालते आणि जोडी झाली की वाट रुंद होते. चित्रे गाळण्याचा एक उपायही एम्युलेटरांत असतो. काही चित्रे काढायचीच नाहीत, आतली मोजणी आणि आवाज मात्र अखंड ठेवायचे. चित्रामुळेच उशीर होत असेल तर याने लय सावरते. प्रोसेसरच थकला असेल तर फारसा गुण येत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाने हुशारीने प्लेस्टेशन २ चा एक खेळ लावून पाहिला. हे यंत्र २००० सालचे. त्यात मुख्य प्रोसेसरच्या जोडीला गणिताचे दोन वेगळे कारखाने आणि चित्रासाठी आणखी एक, असे सगळे एकाच वेळी चालतात, आणि बहुरूप्याला ती सगळी सोंगे एकदम वठवावी लागतात. आवाज पहिल्या सेकंदापासून फाटला. आकडा पन्नाशीच्या आसपास. चित्र मूळच्या मापावर आणले, सगळी सजावट काढली, तेव्हा साठ झाला. त्यापुढे तो डबा जाणार नाही. दुसरी स्टिक टाकली तर थोडा सुधारेल, शंभरावर येणार नाही. त्या खेळासाठी मात्र खरोखरच नवे यंत्र हवे, हे मी मुलाला सांगितले. साडूंनी ते ऐकले आणि त्याचा विचार ताईची पहिल्या वर्षाची परीक्षा झाल्यावर करू, असे ठरले. ३५,००० रुपये जूनमध्ये नागपूरला भरले गेले.